मदत हवी आहे: स्नोमोबाइलला (बर्फावर चालणाऱ्या गाडीला) पेट्रोल कॉक बसवावा का?

मिनेसोटात जुनी टू-स्ट्रोक स्नोमोबाइल आहे, मिकुनी कंपनीचे दोन कार्ब्युरेटर असलेली. ट्रेलरवरून नेली की धक्क्यांनी पेट्रोल थेट क्रँककेसमध्ये (इंजिनाच्या खालच्या पेटीत) उतरतं. मग स्टार्टरची दोरी ओढता ओढवत नाही, प्लग ओलेचिंब. एरवी उभी असताना काही त्रास नाही. कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल अडवणाऱ्या फ्लोट नीडल आणि सीट नवीन टाकल्या, फ्लोटची उंची तपासली, टाकीचा व्हेंटही मोकळा आहे.

आता पाव इंची नळीत कॉक टाकायचा विचार आहे. खरी धास्ती ही, की तो अर्धवट उघडा राहिला तर मिश्रण लीन (पेट्रोल कमी, हवा जास्त) होऊन पिस्टन जाम होईल. शिवाय इथल्या पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉल, म्हणून पितळी कॉकच घेईन म्हणतो.

टाकी आणि कार्ब्युरेटरला पेट्रोल पुरवणारा पंप यांच्या मध्ये एकच कॉक पुरेल, की पंपापुढे प्रत्येक कार्ब्युरेटरला वेगळा लावावा?