डिस्चार्ज कार्डावर ‘अबॉर्शन’ का लिहितात? पडणं आणि पाडणं एकच आहे का?

रानजाई
तर झालं असं. माझ्या धाकट्या बहिणीला नववा आठवडा होता, सोनोग्राफीत ठोके दिसेनात, आठ दिवसांनी परत केली तरी तेच. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या, थोडं आत राहिलं म्हणून पिशवी साफ केली, दोन दिवसांत घरी. इथवर नशिबाचा भाग. पण मेडिक्लेमसाठी तिच्या दिराने फाईल चाळली आणि कार्डावर ठळक अक्षरात ‘मिस्ड अबॉर्शन’. त्याला त्यातला एकच शब्द कळला, तो त्याने आईला सांगितला आणि सासूबाईंनी भरल्या घरात विचारलं, "पाडलंस होय गं?" ती पोर अजून रक्तस्रावातून उठली नव्हती.

मला सांगा, आपल्या अडाणी म्हणवणाऱ्या आज्यांना हा फरक कळत होता. पोट पडलं वेगळं आणि पोट पाडलं वेगळं. एका कान्याचा फरक, पण त्या कान्यात बाईचा दोष आहे की नाही हे ठरतं. आणि एवढं शिकलेले डॉक्टर दोन्हीला अबॉर्शन म्हणतात, वर पुस्तकी मराठीवाले दोन्हीला गर्भपात म्हणतात, म्हणजे तिथेही तोच घोळ. माझं म्हणणं, पेशंटच्या हातात जाणारा कागद पेशंटच्या भाषेत हवा. बोला.

ड्यूटीवरचा
ताई, बहिणीबद्दल वाईट वाटलं. पण मी याच विषयाचा रेसिडेंट आहे म्हणून दुसरी बाजू सांगतो, राग मानू नका. तो कागद फक्त पेशंटसाठी नसतो. उद्या ती पुण्यात असो की नागपुरात, रात्री दोनला ब्लीडिंग होत आली तर समोरच्या अनोळखी डॉक्टरला दहा सेकंदांत कळलं पाहिजे काय झालं होतं. मिस्ड, इनकम्प्लीट, थ्रेटन्ड, इनएव्हिटेबल, प्रत्येकाचा अर्थ ठरलेला आहे आणि उपचार वेगळे आहेत. आणि आमच्याकडे मुद्दाम केलेल्याला वेगळं नाव आहेच, एमटीपी (मेडिकल टर्मिनेशन ऑफ प्रेग्नन्सी). कायदाच तसा आहे, १९७१ चा. म्हणजे कार्डावर एमटीपी लिहिलेलं नाही याचा अर्थच पाडलेलं नाही.

आणि तुमचं पडणं-पाडणं या केसला बसतही नाही. मिस्ड म्हणजे गर्भाची वाढ थांबलीय पण तो आतच आहे. पडलाच नाही! म्हणून तर गोळ्या द्याव्या लागल्या. आता गोळ्या घेतल्या म्हणजे सासूबाईंच्या हिशेबाने ‘पाडलं’च की. मराठीत लिहून वाचली असती का ती?

रानजाई
‘बाळाची वाढ आपोआप थांबली होती, म्हणून पिशवी रिकामी केली’. घ्या. नऊ शब्द. कुठे बसत नाही? इंग्रजी ओळ वर राहू द्या, खाली ही लिहा. पेनाने लिहा हवं तर.

आणि एमटीपी नाही म्हणजे पाडलेलं नाही हे तुम्हाला कळतं हो. बहिणीच्या सासूला कायदा शिकवू की बहिणीला पेज करून देऊ?

टेम्सकाठी
मी इकडे इंग्लंडमध्ये मिडवाइफ (सुईण) आहे, मूळची साताऱ्याची. डॉक्टरसाहेब, ‘अर्थ ठरलेला आहे’ हे मान्य, पण ठरवलेलं बदलतं पण. इथेही पूर्वी सगळ्याला अबॉर्शनच म्हणायचे. १९८५ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात इथल्या डॉक्टरांनीच पत्र लिहिलं की आपोआप गेलेल्याला मिसकॅरेज म्हणा, अबॉर्शन हा शब्द बायकांच्या मनाला लागतो. हळूहळू बदललं, आता आमच्या नोट्समध्ये मिस्ड मिसकॅरेज लिहितात. उपचारात काडीचा फरक पडला नाही. तेव्हा हा मराठी-इंग्रजीचा वाद नाहीच आहे, इंग्रजीतच आधी दुरुस्ती करा.

ड्यूटीवरचा
मुद्दा मान्य. पण आमची बरीच पुस्तकं, परीक्षा, व्हायवा अजून अबॉर्शनवरच चालतात. मी मिसकॅरेज म्हटलं तर सर म्हणतात, सिरीयल बघतोस का.

चिंचगुळ
+१ रानजाई. आणि ही काही पहिली वेळ नाही, बायकांच्या शरीराला नावं ठेवायची (दोन्ही अर्थांनी) ठेकेदारी पुरुषांकडेच होती. गर्भनलिकेला नाव कुणाचं तर सोळाव्या शतकातल्या फॅलोपिओ नावाच्या इटालियन बुवाचं. बाहेरच्या अवयवांना लॅटिनमध्ये प्युडेंडम, म्हणजे चक्क ‘लाज वाटावी असं’, तो शब्द अवयवांच्या नावांच्या जागतिक यादीतून गेला कधी तर २०१९ मध्ये. त्यामुळे इंग्रजी-लॅटिन म्हणजे तटस्थ आणि शास्त्रीय, हे मनातून काढून टाका आधी.

घाटमाथा
मग मराठी काय धुतल्या तांदळाची आहे का? विटाळ, वांझ, बाहेरची, कावळा शिवला... आमच्या आईला आयुष्यभर ‘अंगावरून जातं’ एवढंच सांगता यायचं. काय जातं, लाल की पांढरं, किती दिवस, काही नाही. पांढरं जाणं सांगायला ती डॉक्टरकडे बाबांना पुढे करायची आणि बाबा म्हणायचे, तिला जरा अशक्तपणा आहे. टॉनिक घेऊन परत. इंग्रजी शब्दांचा एक फायदा आहे, उच्चारताना जीभ अडत नाही. माझी मुलगी दादासमोर पिरियड्स म्हणते, व्हजायनल इन्फेक्शन म्हणते, योनी म्हणायला लावा बघू. परकी भाषा कधी कधी आडोसा देते, तो काढून घेऊ नका.

(आणि ते शालेय पुस्तकातलं ‘गर्भाशयग्रीवा’. ग्रीवा! एवढ्या वर्षांत कुणाला म्हणताना ऐकलंय का कोणी?)

लेबररूम_रिटायर्ड
मी मराठवाड्यात सरकारी दवाखान्यात २८ वर्ष सिस्टर होते, त्यातली निम्मी लेबर रूमला. ग्रीवा कोणी म्हणत नाही, पिशवीचं तोंड म्हणतात, आणि बाईला बरोब्बर कळतं. तोंड किती उघडलं, तोंड नरम आहे, तोंडाला टाका घालायचा. डॉक्टर लोक तोंड लवकर उघडणाऱ्या बाईला ‘इनकॉम्पिटंट सर्व्हिक्स’ लिहायचे, म्हणजे नालायक! आम्ही सांगायचो तोंड जरा कमजोर आहे, टाक्याने धरून ठेवू. सांगा कोणतं बरं.

पाणमोट फुटली, वार अडकली, मूल आडवं आहे, पायाळू येतंय, अंग बाहेर आलंय. एकेक शब्दात अख्खी केस असायची. नवीन डॉक्टर मुंबईहून यायचे त्यांना आधी हे शिकवावं लागायचं. एकाला बाई म्हणाली ‘अंग बाहेर येतं’, त्याने तिला त्वचेच्या ओपीडीला पाठवलं 😄 पिशवी खाली सरकलेली होती हो तिची, खोकली की बाहेर.

निमकी
मावशी मस्त लिहिलंय पण खरं सांगू, मी २६ वर्षांची, ठाण्यात वाढलेली, मला पाणमोट म्हणजे विहिरीवरचं काहीतरी वाटलं आणि ‘वार खाली आहे’ म्हटलं असतं तर मी सोमवार की मंगळवार विचारलं असतं. वार म्हणजे प्लासेंटा आणि पाणमोट म्हणजे वॉटर बॅग असं सांगितलं तर कळतं, प्लासेंटा मला शाळेपासून माहितेय. मग माझी भाषा कोणती धरायची? ‘पेशंटची भाषा’ म्हणजे प्रत्येक वेळी खेड्यातल्या आजीचीच का?

लेबररूम_रिटायर्ड
तुझी तू सांग बाळा. म्हणून तर आधी विचारायचं असतं, तुमच्याकडे याला काय म्हणतात. अर्धा मिनिट लागतो.

घाटमाथा
सिस्टर, तुमच्याबद्दल आदर आहे पण त्या ‘पिशवी’ शब्दाने किती वाट लावलीय ते तुम्ही मराठवाड्यात बघितलंच असेल. पिशवी म्हणजे काय, सामान आणलं, रिकामी झाली, टाकून दिली. दोन मुलं झाली, आता पिशवीचं काम काय, काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांचं प्रकरण बाहेर आलं, नीलम गोऱ्हेंच्या समितीने बघितलं, ८२ हजारांवर बायकांची पाहणी झाली त्यात १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली. कित्येक जणी तिशी-पस्तिशीच्या. गर्भाशय म्हटलं असतं, अवयव आहे असं वाटलं असतं, तर इतक्या सहज दिलं असतं का?

उसाचा_फड
साहेब मी त्याच पट्ट्यातला. शब्दामुळे नाही दिली कुणी पिशवी. खाडा झाला की मुकादम दंड कापतो, उचल अंगावर असते, फडात पाणी नाही संडास नाही, पाळीत पोट दुखलं तर आडवं पडायला पालाशिवाय जागा नाही. अशा वेळी कोण म्हणालं की काढून टाकली की कटकट मिटली तर बाई काय करेल? गर्भाशय म्हणा, युटेरस म्हणा, नाहीतर देवघर म्हणा, दंड तेवढाच कापतात.

एक मात्र खरं. माझ्या चुलतीला विचारलं, बाजूची अंडाशयं (ओव्हरी) पण काढली का? तिला माहीतच नाही. ‘पिशवी काढली’ एवढंच. कागद इंग्रजीत, तोही पुरात गेला. ऑपरेशननंतर वर्षभरात अंगातून वाफा, घाम, हाडं दुखणं सुरू, वय ३३. आता डॉक्टर विचारतो ओव्हरी ठेवल्यात का, आम्ही काय सांगणार.

ड्यूटीवरचा
हे महत्त्वाचं आहे. दोन्ही अंडाशय काढली असतील तर हार्मोन्स एकदम बंद होतात, त्या वयात हाडांसाठी वेगळी काळजी घ्यावी लागते. सोनोग्राफीवर अंडाशयं दिसली तर प्रश्न सुटतो, नाही दिसली तर रक्ताची तपासणी पण आहे. चुलतीला एकदा जिल्हा रुग्णालयात दाखवा खरंच.

आणि हो, इथे मी हरलो असं समजा. ‘पिशवी काढली, अंडाशयं ठेवली’ हे मराठीत कार्डावर असायलाच हवं.

चिंचगुळ
शब्दांवर भांडतोय खरं पण मुळात विचारतं कोण? गडचिरोलीत डॉ. राणी आणि अभय बंगांनी दोन गावांतल्या ६५० बायका तपासल्या होत्या, १९८९ ला छापून आलं. ९२ टक्के बायकांना काही ना काही स्त्रीरोग, आणि त्याआधी कधी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के. म्हणजे बाकीच्यांना कुठल्याच भाषेत कोणी काही विचारलं नव्हतं. आणि मराठीत हे बोलता येत नाही म्हणणाऱ्यांनी र. धों. कर्वे आठवावेत, १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ हे कामशिक्षणाचं मासिक चालवलं त्या माणसाने, अश्लीलतेचे खटले अंगावर घेऊन.

रानजाई
वाद भरकटला पण बरंच कळलं. अपडेट देते, आज बहिणीला फॉलोअपला नेलं तेव्हा डॉक्टरीणबाईंना सरळ सांगितलं घरी काय झालं ते. त्या जरा गप्प झाल्या, मग कार्ड घेऊन खाली मराठीत लिहिलं, ‘वाढ आपोआप थांबली होती’, सही शिक्का. सासूबाईंनी वाचलं. काही बोलल्या नाहीत, पण संध्याकाळी शिरा करून दिला. माफी वगैरे नाही, शिरा.

एक राहिलं डॉक्टरसाहेब. त्याच कार्डावर कोपऱ्यात जी १ पी ० ए १ असं काहीतरी आहे. हा ए म्हणजे तोच का?

ड्यूटीवरचा
हो. जी म्हणजे किती वेळा दिवस राहिले, पी म्हणजे किती बाळंतपणं, आणि ए म्हणजे तोच, अबॉर्शन. पुढच्या प्रत्येक बाळंतपणाच्या फाईलवर तो येणार.

रानजाई
आणि त्या ए मध्ये पडलेलं-पाडलेलं वेगळं कळतं का?

ड्यूटीवरचा
नाही. विचारावं लागतं.