गावाची लोकसंख्या किती आणि एसटी कुठवर येते? तुमचे अनुभव लिहा

ठाण्यात पंचवीस वर्षं झाली, तरी गाव विचारलं की मी मुरबाड तालुकाच सांगतो. परवा 2011च्या जनगणनेच्या जिल्हा पुस्तिकेत आमचं गाव शोधलं. एका ओळीत सगळं आटोपलेलं: माणसं किती, बस येते का, स्टेशन 5 किलोमीटरच्या आत, 5 ते 10, की त्याहून लांब. आमचं अर्थात शेवटच्या गटात. कल्याणला उतरायचं आणि एसटी धरायची. मुरबाडला रेल्वे येणार येणार ऐकत आजोबा गेले.

पण त्या ओळीत आमची मुक्कामी गाडी नाही. रात्री साडेआठला यायची. ड्रायव्हर-कंडक्टर देवळात झोपायचे, आजी त्यांच्या नावाच्या चार भाकऱ्या जास्त थापायची. पहाटे साडेपाचला ती घरघरली की गाव उठायचं. फेरी बंद झाली आणि शेजारच्या दोन मुलींचं कॉलेज सुटलं. तुमच्याकडे काय? आकडा, रस्ता, गाडी, जे आठवेल ते लिहा.

कोपरखैरणेहून
आमचं गाव पाटण तालुक्यात, स्टेशन कराड. वडील माथाडी, गावातली निम्मी घरं इथेच. एरवी गावात म्हातारी आणि म्हशी. जत्रेला मात्र पाय ठेवायला जागा नसते. एसटी फाट्यापर्यंत, पुढे वडाप. आत बारा जण कोंबले की ड्रायव्हर म्हणतो, "सरका की जरा, अजून दोघं हायत!"

घणसोलीहून
आम्ही गाव सोडलं नाही, शहरच अंगावर आलं. 1970ला सिडको, 2004ला ठाणे-वाशी लोकल. आता स्टेशनच्या पाटीवर आमच्या गावाचं नाव, पण गावठाणातल्या आमच्या गल्लीत रिक्षा वळत नाही. सिलिंडर खांद्यावरून आणतो. लोकसंख्येचं विचाराल तर आमच्याच चाळीत भाडेकरू किती, हे आईलाही नीट सांगता येत नाही.

उलव्याहून
सासर उरणकडचं. सासूबाई मोऱ्याहून लाँचने भाऊच्या धक्क्याला जायच्या. समुद्र खवळला की लाँच बंद, मग घरीच बसा. जानेवारी 2024मध्ये उरणला लोकल आली. पहिल्या दिवशी त्या हौसेने नेरूळपर्यंत जाऊन परत आल्या. काम काहीच नव्हतं!

कळव्याहून
शहापूर तालुका, आसनगाव स्टेशन, तिथून जीप, मग पायवाट. आमच्या पाड्याचा आकडा पुस्तिकेत सापडणार नाही, तो महसुली गावात मिसळलेला असतो. आणि मिसळतात ते तरी कुणाला? 2001 आणि 2011, दोन्ही वेळा मोजणी फेब्रुवारीत झाली. दिवाळीनंतर आमची अर्धी वस्ती भिवंडीकडे वीटभट्टीवर जाते, पाऊस तोंडावर आला की परतते. मोजायला आलेल्या गुरुजींना दारोदार कुलपं दिसली असणार. ग्रामसडक योजनेत आदिवासी भागात रस्त्यासाठी 250 माणसांची वस्ती लागायची. कुलपं धरली तर आम्ही भरायचो, माणसं धरली तर नाही.

श्रावणात वहिनीच्या कळा सुरू झाल्या. चादरीची झोळी करून चौघांनी फाट्यापर्यंत नेली, तीन किलोमीटर. ओढ्याला कमरेएवढं पाणी होतं. झोळी भिजू नये म्हणून चौघांनी बांबू डोक्यावर धरले, मी पुढे बॅटरी घेऊन. बाळ जीपमध्येच झालं, दोघं सुखरूप आहेत.

ठाण्याहून (धागा काढणारा)
कळवेकर, ही कुलपांची गोष्ट माझ्या ध्यानातच आली नव्हती. पुढची मोजणी 2027ला आहे ना? या वेळी तरी मोजणीत धरले जाल.

कळव्याहून
तीही फेब्रुवारीतच, दादा. भावाला विचारलं. तो म्हणाला, "मी तेव्हा भट्टीवर."