‘फलन झालं’ म्हणजे ‘दिवस गेले’ का?

प्रश्न

शेजारच्या सुनेचं आयव्हीएफ (बीज आणि शुक्राणू प्रयोगशाळेत एकत्र आणतात तो उपचार) झालं. बीजं काढली त्याच्या दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेतून फोन आला: ‘आठपैकी पाच बीजांचं फलन झालंय.’ सासूबाईंनी लगेच देवापुढे साखर ठेवली. त्यांच्या लेखी सुनेला दिवस गेले होते. दोन-अडीच आठवड्यांनी पाळी आली तेव्हा ‘पडलं गं’ म्हणत त्या दोन दिवस जेवल्या नाहीत. पडलं काहीच नव्हतं, कारण राहिलंच नव्हतं.

मला हे फार लागलं, कारण चूक त्यांची नव्हती. वर्तमानपत्रांतल्या आरोग्यलेखांत फलन, निषेचन, गर्भाधान, गर्भधारणा हे चारही शब्द एकमेकांच्या जागी सर्रास येतात. मग यातला कुठला शब्द नेमका कशासाठी वापरायचा? आणि बाईला घरात कळेल असा शब्द मराठीत आहे की नाही?

उत्तर

ताई, आमचा दुधाचा धंदा आहे, म्हणून गोठ्यातलं सांगतो. राग मानू नका, बाईची तुलना जनावराशी करत नाही. पण शब्द तिथे चोख आहेत. म्हैस माजावर आली की फळवतात. फळवली म्हणजे गाभण राहिली, असं आमच्यात कुणी म्हणणार नाही. साधारण २१ दिवसांनी पुन्हा माज दाखवला तर म्हैस ‘उलटली’. नाही दाखवला तर ‘राहिली वाटतं’ म्हणायचं, तेही दबक्या आवाजात. डॉक्टरांनी हात घालून तपासलं की मगच ‘गाभण’. फळवणं वेगळं आणि राहणं वेगळं, हे आमच्याकडे शाळेत न गेलेल्या माणसालाही ठाऊक असतं.

उत्तर

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. वरचं उत्तर वाचून आनंद झाला, कारण ‘राहणे’ हाच शब्द मी शोधत होते.

फलन म्हणजे शुक्राणू आणि स्त्रीबीज एक होणं. एरवी हे गर्भाशयात होत नाही, गर्भनलिकेच्या रुंद भागात होतं, आणि बीज बाहेर पडल्यापासून फार तर दिवसभरात. (शुक्राणू मात्र आत पाच दिवसांपर्यंत तग धरू शकतात.) मग त्या एका पेशीच्या दोन, चार, आठ अशा पेशी होत ती पिशवीकडे सरकते. चौथ्या दिवशी तुतीच्या फळासारखा पेशींचा गोळा असतो, पाचव्या दिवशी आत पाणी भरून त्याचा पोकळ बुडबुडा होतो. सहाव्या-सातव्या दिवशी तो पिशवीच्या अस्तराला चिकटू लागतो आणि पुढच्या चार-पाच दिवसांत आत रुजतो. याला पुस्तकात ‘रोपण’ म्हणतात. लघवीच्या पट्टीवर दोन रेघा दिसायला लावणारं संप्रेरक आईच्या रक्तात यानंतर येतं.

पुष्कळ फलित बीजं रुजतच नाहीत. पाळी वेळेवर येते आणि बाईला काही झालं होतं याचा पत्ताही नसतो. म्हणून फलनाला ‘फळणे’ आणि रोपणाला ‘गर्भ राहणे’ म्हणावं. आपल्या आज्या ‘हिला राहिलंय’ म्हणायच्या, ते शास्त्राच्या दृष्टीनेही अचूक आहे. ‘गर्भधारणा’ हा शब्द मी रुजल्यानंतरच वापरते. गर्भाधान हा तर संस्कार आहे, त्याला या यादीत आणूच नये.

जाता जाता आणखी एक. सोनोग्राफीच्या खोलीबाहेर बायका एकमेकींना विचारतात, ‘तुझं बीज केवढं झालं?’ ‘अठरा एमएम.’ बीज अठरा मिलिमीटरचं नसतं, ते मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढं असतं. अठरा-वीस मिलिमीटरची असते ती बीजाभोवतालची पाण्याची पुटिका, आणि फुटते तीच. ‘बीज फुटलं’ ऐकून एक मुलगी माझ्यासमोर रडायला लागली होती, फुटलं म्हणजे वाया गेलं असं समजून. तेव्हापासून मी ‘बीज बाहेर आलं’ म्हणते.

उत्तर

‘निषेचन’ आपल्याकडे हिंदी पुस्तकांतून आलेलं दिसतं, मराठी शालेय पुस्तकांत ‘फलन’च आहे. ‘बीजांड’ही जपून वापरावं, वनस्पतिशास्त्रात त्याचा अर्थ वेगळा आहे.

पण ‘दिवस गेले’ यातले दिवस कुठून मोजायचे? डॉक्टर ४० आठवडे म्हणतात.

उत्तर

(पुन्हा मीच, डॉक्टर.) शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून. म्हणून २८० दिवस. फलनापासून मोजले तर साधारण २६६. ‘चार आठवड्यांची गरोदर’ म्हणतो तेव्हा फलन होऊन दोनच आठवडे झालेले असतात. पाळीची तारीख बाईला आठवते, फलनाची कुणालाच कळत नाही, म्हणून ही रीत. यावरून नवरा-बायकोत भांडणं लागलेली मी पाहिली आहेत, ‘त्या तारखेला तर मी गावाला होतो’ म्हणून. तेव्हा आठवडे सांगताना ‘पाळीपासून’ हा एक शब्द प्रत्येकीने जोडावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आणि ‘भ्रूण’ हा शब्द शास्त्रात फलनापासूनच्या पहिल्या आठ आठवड्यांपुरता बरोबर आहे, पण लोकांच्या कानात तो ‘स्त्रीभ्रूणहत्या’मुळे बसलाय. आयव्हीएफच्या जोडप्याला ‘तुमचे तीन भ्रूण गोठवलेत’ म्हटलं की चेहरे उतरतात. मी तिथे ‘फळलेली बीजं’ म्हणते.

प्रश्न विचारणारी

सगळ्यांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी शेजारी जाऊन आले. सुनेचं पुन्हा एकदा करायचं ठरलंय, या वेळी गोठवलेल्यांपैकी एक सोडणार आहेत. सासूबाईंना एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दिलं: ‘बीज फळलेलं आहे. ते पिशवीत सोडतील. राहतंय का, ते पंधरा दिवसांनी कळेल.’

त्यांनी दोनदा वाचलं आणि म्हणाल्या, ‘मग साखर पंधरा दिवसांनी ठेवते.’