पुष्पचक्र, कोपेल, फाती: कुठे कोणता शब्द?

फोंड्याहून प्रश्न:

मुलीच्या शाळेच्या हस्तलिखितासाठी सांजांवावर, म्हणजे गोव्यातल्या सेंट जॉनच्या सणावर, मराठीत दोन पानं लिहून द्यायची आहेत. २४ जूनला विहिरीत उड्या घेताना लोक डोक्यावर वेली-पानाफुलांचं जे गोल घालतात, त्याला मी 'पुष्पचक्र' लिहिलं. इंग्रजी-मराठी शब्दकोशात तेच सापडलं होतं. सासूबाईंनी वाचलं आणि म्हणाल्या, "हे आधी खोड. जित्या माणसाच्या डोक्यावर पुष्पचक्र कोण घालतं?"

त्यांचं म्हणणं पटलं, पण मग लिहू काय? 'मुकुट' म्हटलं की सोनं-जरी डोळ्यांपुढे येते. 'गजरा' तर नाहीच. कोंकणीत कोपेल म्हणतात, पण आमच्याकडे कोपेल म्हणजे छोटं चर्च, चॅपेल. वाचणाऱ्याचा घोटाळा होईल असं वाटतं.

पेडण्याहून:

ताई, सासूबाईंचं ऐका. आमच्या तालुक्यात पत्रादेवीला हुतात्मा स्मारक आहे. १५ ऑगस्ट १९५५ ला गोव्यात शिरणाऱ्या सत्याग्रहींवर पोर्तुगिजांनी गोळ्या झाडल्या, त्यांची आठवण. तिथे वाहतात ते पुष्पचक्र. १८ जूनला, गोवा क्रांतिदिनी, पणजीच्या आझाद मैदानावर वाहतात तेही पुष्पचक्रच. हा शब्द मराठीत सरकारी आणि लष्करी मानवंदनेबरोबर रुजला, आणि बातम्यांतून इतक्या वेळा 'पुष्पचक्र अर्पण करून आदरांजली' वाचलंय की त्यातून मरणाची छाया आता काढता येणार नाही. १८ जूनला जे वाहिलं, तेच नाव सहा दिवसांनी नाचणाऱ्या पोराच्या डोक्यावर ठेवायचं? मला तरी ते सोसत नाही.

म्हापशाहून:

वरच्या दादांशी सहमत. थोडं सविस्तर लिहितो, कारण हा विषय माझ्या फार जवळचा आहे.

फुलांच्या बाबतीत मराठीत नामापेक्षा क्रियापद जास्त बोलतं. हार घालतात, गजरा माळतात, तुरा खोवतात, मुंडावळ्या बांधतात, तोरण लावतात, पुष्पचक्र वाहतात. यांतलं एकही क्रियापद दुसऱ्याच्या जागी बसवून बघा, कानाला लगेच खटकतं. 'माळणे' हे तर 'माळ' या शब्दातूनच आलेलं आणि फक्त केसांसाठी राखलेलं. 'डोक्यावर पुष्पचक्र घातले' हे वाक्य सासूबाईंना टोचलं, त्यात क्रियापदाचाही वाटा आहे. वाहायची वस्तू घालायची कशी?

दुसरं म्हणजे, फुलांची नावं आपण बहुतेक वेळा ती अंगावर कुठे बसतात त्यावरून ठेवत आलो. अमरकोशात हे फार सुंदर दिसतं. डोक्यावर घालायची ती माला. केसांच्या आत खोवलेली, ती गर्भक. शेंडीवरून मागे लोंबणारी, ती प्रभ्रष्टक. कपाळावर पुढे आलेली, ललामक. गळ्यातून सरळ खाली सुटलेली, प्रालंब. छातीवरून जानव्यासारखी तिरकी, वैकक्षक. आणि माथ्यावर शेंडीशी बांधलेली ती आपीड किंवा शेखर. म्हणजे सांजांवाच्या त्या गोलाला अगदी नेमका जुना शब्द हवा असेल तर तो 'शेखर'. चंद्रशेखर म्हणजे ज्याच्या माथ्यावर फुलांच्या जागी चंद्र आहे तो. पण आज शेखर म्हटलं की मुलाचं नाव आठवतं, त्यामुळे हस्तलिखितात तो चालायचा नाही.

आता तुमच्या कोपेलाबद्दल. पोर्तुगीजमध्ये 'कापेला' या एकाच शब्दाला दोन्ही अर्थ आहेत: छोटं प्रार्थनामंदिर आणि डोक्यावर घालायचा पानाफुलांचा वेढा. आपल्याकडे शब्द आला तो दोन्ही अर्थ घेऊनच आला, म्हणून घोटाळा वाटतो. पण 'कोपेल घातलं' आणि 'कोपेलात गेलो' यांत कुणाची गल्लत होईल? इथेही क्रियापदच सांभाळून घेतं.

पोर्तुगीजचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. राजाचा मुकुट आणि फुलांचा वेढा या दोन्हींना तिकडे 'कोरोआ' हा एकच शब्द. ग्रीकमध्येही तसंच, तिथला शब्द 'स्टेफानोस'. त्यावरून स्टीफन, आणि पोर्तुगीजमध्ये एस्तेव्हांव. तिसवाडीतलं आपलं सांत इस्तेव, भेंड्यांसाठी नावाजलेलं ते जुवें, म्हणजे बेट, त्याच्या नावात हा फुलांचा मुकुट लपलेला आहे. मला हे पहिल्यांदा कळलं त्या दिवशी मी घरातल्या सगळ्यांना सांगत सुटलो होतो.

पुन्हा फोंड्याहून:

काका, फार आभारी आहे. अजून दोन शंका. सांजांवाला नव्या जावयाचा मान असतो, मग कोपेलाला 'बाशिंग' म्हटलं तर? आणि फाती, म्हणजे आपल्याकडची फुलांची विणलेली माळ, हा शब्द मराठीत लिहिताना 'गजरा' करावा का?

म्हापशाहून:

बाशिंग नको. ते लग्नाचं, आणि कपाळावर बांधायचं. कोपेल पोरंटोरं, म्हातारे, सगळेच घालतात.

फातीचा गजरा तर मुळीच करू नका! गजरा ओवलेला असतो, फाती गाठी मारत विणलेली असते, केळीच्या सोपटाच्या धाग्याने, चपटी आणि घट्ट. अबोलीला वास नसतो, पण फातीत ती जशी शोभते तशी सुईदोऱ्यात शोभत नाही. तुमच्या शेजारी म्हार्दोळला महालसेच्या जायांच्या (जाईच्या फुलांच्या) पूजेच्या दिवसांत जाऊन या, कळ्यांच्या फात्या पाहिल्यावर 'गजरा' लिहायला हात धजणार नाही. बकुळीचा वळेसर हा आणखी वेगळा. त्या फुलाला मधोमध भोकच असतं, सुईसुद्धा लागत नाही. मराठी शाळेतल्या मुलांना हे शब्द गोव्यातच शिकायला मिळाले नाहीत तर कुठे मिळणार?

पेडण्याहून:

नाताळात दारावर लटकवतात त्या गोलाला काय म्हणावं? तोरण म्हणवत नाही, ते आडवं. आमच्याकडे सगळे सरळ 'रीथ' म्हणतात.

म्हापशाहून:

मग रीथच म्हणा. त्या इंग्रजी शब्दाच्या मुळाशी पिळण्या-मुरडण्याचाच अर्थ आहे, डहाळ्या पिळून केलेलं कडं. कोपेलही तसंच करतात: आधी वेल पिळून डोक्याच्या मापाचं कडं वळायचं, मग त्यात पानं, फुलं, कधी एखादं फळ खोवायचं. आपल्याकडे पीळ देऊन केलेल्या गोलाला चांगला शब्द आहे, चुंबळ. घागरीखाली ठेवतात ती. कोपेलाचं नुसतं कडं बघितलं तर चुंबळच वाटते.

फोंड्याहून:

असं लिहिलंय: 'वेलींची चुंबळ वळून तिच्यात पानंफुलं खोवतात. त्याला कोपेल म्हणतात. ते डोक्यावर घालून मुलं विहिरीत उड्या घेतात.' सासूबाईंनी वाचलं. 'विहिरीत'च्या जागी 'बांयत' लिही म्हणाल्या, पण तेवढं मी ऐकलं नाही.