सल्ला हवा: जुना व्हील हॉर्स ट्रॅक्टर हिवाळ्यासाठी तयार कसा करू आणि ठेवू कुठे?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. जूनमध्ये आम्ही न्यूयॉर्क राज्यात, सिरॅक्यूजच्या उत्तरेला घर घेतलं. ऑन्टॅरिओ सरोवरावरून येणारा वारा इथे वर्षाला सरासरी दहा फूट बर्फ टाकून जातो. आमचा ड्राइव्हवे दोनशे फूट लांब, अर्धा डांबरी, अर्धा खडीचा.

आधीच्या मालकांनी वयोमानाने घर विकलं आणि जाताना परसातल्या शेडमधला ट्रॅक्टर आमच्याकडेच ठेवला. व्हील हॉर्स कंपनीचा सी-१२०, बागेतला छोटा ट्रॅक्टर, सत्तरच्या दशकातला. कोहलरचं १२ हॉर्सपॉवरचं एका सिलिंडरचं इंजिन, आठ गिअरचा. सोबत पुढे लावायचा ४२ इंची स्नो-थ्रोअर (बर्फ उडवून फेकणारा) आणि ४८ इंची पातं (बर्फ ढकलणारं). हिरवळ कापायला मी दुसरं यंत्र घेतलं, त्यामुळे याला फक्त बर्फाचं काम.

सांगलीला आमच्या घरी ट्रॅक्टर होता, त्यामुळे तेल-पाणी, ग्रीस, पट्टा एवढं हाताला ठाऊक आहे. थंडीतलं मात्र काहीच माहीत नाही. घराला जोडून गॅरेज आहे, ते थोडं उबदार राहतं. ट्रॅक्टर तिथे ठेवावा असा माझा विचार. बायकोचं म्हणणं, वर मुलीची खोली आहे, पेट्रोलचं यंत्र तिथे नको. जाणकारांनी सांगावं. आणि थ्रोअर लावू की पातं?

जुनं_लोखंड

कृष्णाकाठ, वहिनींचं ऐका. मी विस्कॉन्सिनमध्ये आहे, माझ्याकडे १९६८चा जॉन डिअर ११० हा असाच छोटा ट्रॅक्टर आहे आणि बावीस हिवाळे मी त्यानेच बर्फ काढतोय.

जुन्या ट्रॅक्टरला थंडी मारत नाही, ओल मारते. उबदार गॅरेजमधून गरम थ्रोअर बर्फात नेला की पहिला बर्फ पत्र्यावर वितळतो, मग तिथेच गोठतो, आणि दहा मिनिटांत धुराडं बंद. धुराडं म्हणजे बर्फ बाहेर फेकणारी वरची नळी, आम्ही घरात तिला तेच म्हणतो. काम संपवून बर्फाने माखलेला ट्रॅक्टर पुन्हा उबेत आणला की रात्रभर पाणी ठिबकतं. रस्त्यावरचं मीठ त्या पाण्यात असतंच. ते सांध्यांत, वायरींत, पट्ट्याच्या पुलीवर बसतं आणि सकाळी गारठ्यात नेलं की गोठतं. मी पहिली तीन वर्षं असंच केलं. थ्रोअरचा तळ गंजून बोट आरपार जाईल इतका पातळ झाला, तेव्हा कळलं.

तेव्हापासून ट्रॅक्टर थंड पण कोरड्या शेडमध्ये. पत्रा बाहेरच्या हवेइतकाच गार असला की कोरडा बर्फ चिकटत नाही. हिवाळ्याआधी थ्रोअरच्या आतून आणि धुराड्याला लोकरीच्या चरबीचा फवारा मारतो, नांगराच्या फाळाला आपण वापरलेलं ऑइल फासायचो तसा.

ऊब द्यायचीच तर फक्त इंजिनच्या तेलाला. चुंबकाने चिकटणारा छोटा हीटर मिळतो, तो तेलाच्या तळाला लावायचा आणि टायमरवर सुरू करण्याआधी दोन तास चालू ठेवायचा. लावण्याआधी तिथली वाळकी पानं, सांडलेलं तेल साफ करा.

खटपट्या

जुन्या लोखंडकाकांना अनुमोदन. मी इंजिनबद्दल लिहितो.

तुमचं इंजिन बहुतेक के-३०१, ओतीव लोखंडाचं. यात तेलाचा पंप नाही. कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाचा चमचा तेलात बुडतो आणि तेल उडवतो, तेवढ्यावर सगळं वंगण चालतं. उन्हाळ्यातलं ३० नंबरचं तेल कडाक्याच्या थंडीत मधासारखं घट्ट होतं, ते उडणार कसं? शून्य सेल्सियसच्या खाली ५-डब्ल्यू-३० घाला, साधारण दोन क्वार्ट (जवळपास दोन लिटर) लागतं. दर वेळी सुरू करण्याआधी डिपस्टिक बघा. ही इंजिनं रॉड मोडून मरतात, आणि त्याच्या मागे बहुतेकदा कमी पडलेलं तेल असतं.

पॉइंटची (ठिणगीसाठी वीज जोडणारे-तोडणारे संपर्क) फट २० हजारांश इंच, प्लगची ३५. पॉइंट काळे पडले असतील तर बदला. बारीक पॉलिश पेपरने घासून हिवाळा निघेल असं वाटतं, पण निघत नाही. पेट्रोल शक्यतो इथेनॉल नसलेलं. इथेनॉल पाणी ओढून घेतं आणि ते कार्बोरेटरच्या वाटीत बसून गोठतं.

इंजिनवरचं पत्र्याचं आवरण एकदा तरी उघडा. उंदरांना ती जागा फार आवडते. माझ्याकडे सिलिंडरच्या पंखांमध्ये मूठभर कापूस आणि गवत निघालं होतं. हे इंजिन हवेने गार होतं, म्हणजे ऐन हिवाळ्यातसुद्धा ते तापून जळलं असतं.

आणि दादा, आज जमलं तर आजच एक करा. या व्हील हॉर्सची मोठी खोड म्हणजे गिअरच्या दांड्याखालचा रबरी बूट. तो चिरतो, पावसाचं पाणी दांड्यावरून थेट गिअरबॉक्समध्ये उतरतं आणि तेलाखाली बसतं. पहिल्या कडक थंडीत ते गोठलं की गिअर अडकतात. खालचा बोल्ट सैल करून बघाच.

मिशिगनची_ताई

मी इंजिनवाली नाही, पण शेड मी स्वतः बांधून घेतली आणि एकदा चुकल्यावर पुन्हा बांधली. त्यावर लिहिते.

दार बाहेर उघडणारं नको. रात्रीत तीन फूट बर्फ दारापुढे साचला की ते उघडतच नाही, आणि बर्फ काढायचं यंत्र आत अडकतं. वर गुंडाळणारं किंवा सरकतं दार घ्या. दुसरं, दार छपराच्या उताराखाली नको, त्रिकोणी भिंतीत हवं. उताराचा बर्फ एकदम घसरतो आणि दाणकन दारातच पडतो. माझ्या पहिल्या शेडचं नेमकं हेच चुकलं होतं. सुताराला मी दोनदा विचारलं होतं, तो "काही होत नाही" म्हणाला होता.

ट्रॅक्टर शेडमध्ये मागे-मागे न्यायचा, थ्रोअर दाराकडे. म्हणजे सकाळी दार उघडलं की बर्फ उडवतच बाहेर पडता येतं. थ्रोअर लावून मोजा, नुसता ट्रॅक्टर मोजू नका. जमीन मातीची असेल तर जाड प्लास्टिक अंथरून वर खडी, आणि चाकांखाली फळ्या. ताडपत्री थेट यंत्रावर टाकू नका, खाली घाम सुटतो. छपराखाली दोन्ही टोकांना झडपा ठेवा, हवा खेळली पाहिजे.

जोडलेल्या गॅरेजबद्दल वहिनींचं शंभर टक्के बरोबर. पाणी तापवायचा गॅसचा बंब तिथे असेल तर पेट्रोलच्या वाफेने आग लागू शकते. आणि दार उघडं ठेवून जरी इंजिन आत चालवलं तरी कार्बन मोनॉक्साइड वरच्या खोलीत जातो. वास येत नाही, कळत नाही. गजर मुलीच्या खोलीबाहेर आजच लावा, ट्रॅक्टर कुठेही ठेवलात तरी.

सरळसोट

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. पन्नास वर्षांच्या यंत्रावर पहाटे पाच वाजता विसंबून राहायचं, त्यापेक्षा हाताने चालवायचा नवा दोन टप्प्यांचा बर्फाचा ब्लोअर घ्या. सुटे भाग कुठून आणणार?

जुनं_लोखंड

सरळसोट, मुद्दा रास्त आहे, पण भागांची काळजी नको. पाँड कुटुंबाने १९४६मध्ये इंडियानातल्या साउथ बेंडला व्हील हॉर्स सुरू केली, १९८६मध्ये टोरो कंपनीने ती घेतली. यंत्रं इतकी विकली गेली की पट्टे, बेअरिंग, बूट, प्लग आजही सहज मिळतात. कोहलरच्या इंजिनाचे तर मिळतातच. बर्फात उभं राहून दोनशे फूट ढकलण्यापेक्षा बसून काम करणं माझ्या वयाला बरं पडतं.

पातं की थ्रोअर? पात्याने काम झपाट्याने होतं, पण बाजूचा ढीग जानेवारीपर्यंत इतका वाढतो की ढकलायला जागा उरत नाही. तुमच्याकडे दहा फूट पडतो, थ्रोअरच लावा. खडीच्या भागात थ्रोअरच्या तळाचे टेकू (स्किड शू) असे बसवा की थ्रोअर अर्धा इंच वर राहील, नाहीतर दगड खिडकीवर जाईल. पुढच्या बाजूचं सगळं वजन तोलायला मागे वजन हवं. चाकांत द्रव भरणार असाल तर बीटापासून काढलेलं भरा, कॅल्शियम क्लोराइड रिम खातं. टायरवर चढवायच्या साखळ्या दोन-दोन कड्यांवर आडव्या असलेल्या घ्या. चार कड्यांच्या साखळ्या टायरच्या खाचांत बसतात आणि पकड सुटते.

एकच कळकळीची विनंती. धुराडं तुंबलं की इंजिन बंद करा, प्लगची वायर काढा आणि काठीने मोकळं करा. हात घालू नका. इंजिन बंद असलं तरी पट्ट्यात ताण शिल्लक असतो. सीटखालचा सुरक्षा स्विच आधीच्या मालकाने तारेने जोडून निकामी केलाय का तेही बघा, जुन्या ट्रॅक्टरवर हे फार आढळतं.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. काल खंडेनवमीला कामाला लागलो.

खटपट्यादादा, गिअरबॉक्सचा खालचा बोल्ट सैल केला तर आधी तेल आलंच नाही. स्वच्छ पाणी आलं, चहाचा कप भरून. मग दुधाळ पिवळसर लगदा, आणि शेवटी काळं तेल. बूट दोन ठिकाणी चिरलेला होता. रॉकेल घालून धुतलं, रात्रभर निथळू दिलं, नवं ९० नंबरचं गिअर ऑइल भरलं. बूट मागवलाय, तोवर सायकलची ट्यूब कापून घट्ट बांधली.

सीटखालचा स्विच खरंच तारेने जोडलेला होता, सोडवला. कार्बन मोनॉक्साइडचा गजर रात्रीच लावला. ट्रॅक्टर शेडमध्येच राहील. दार बाहेर उघडणारं आहे, ते बदलायला थँक्सगिव्हिंगपर्यंत (नोव्हेंबरअखेर) वेळ आहे.

बॅटरीचं एक राहिलं. शेडमध्ये वीज आहे, ती रोज चार्जरवर ठेवू की काढून घरात आणू?

खटपट्या

वीज आहे तर आपोआप थांबणारा छोटा चार्जर कायम जोडून ठेवा, काढू नका. पूर्ण भरलेली बॅटरी तुमच्या थंडीत गोठत नाही, उतरलेली गोठते आणि फुटते. टोकांना व्हॅसलीन लावा. आणि सायलेन्सरच्या तोंडात उंदरांसाठी स्टीलच्या घासणीचा बोळा कोंबाल तर त्याला लाल चिंधी बांधून ती स्टिअरिंगपर्यंत आणा, सुरू करताना दिसली पाहिजे.

कृष्णाकाठ

बांधली. पूजेचं हळदीकुंकू अजून बॉनेटवर आहे, ते तसंच ठेवतो.