मदत हवी आहे: चिखलातले कॅपिटेला एका जातीचे की अनेक?

नमस्कार मंडळी. किनाऱ्यावरचा चिखल ५०० मायक्रॉनच्या चाळणीतून धुऊन कॅपिटेला (समुद्री चिखलातले बारीक वलयी कृमी) गोळा करतेय. दिसायला सगळे सारखेच: दोऱ्याएवढे, लालसर, डिवचलं की वेटोळं करणारे. पण १९७६ मध्ये ज्युडिथ आणि फ्रेडरिक ग्रासल या सागरी जीवशास्त्रज्ञांनी एन्झाइम तपासून 'कॅपिटेला कॅपिटाटा' या एका नावाखाली निदान सहा जाती दडल्याचं दाखवलं. तेव्हापासून नुसत्या रूपावर विसंबायची सोयच नाही.

माझ्याकडच्या काही माद्यांच्या नळीत (ज्यात त्या राहतात आणि अंडी सांभाळतात) मोठी, भरपूर बलक असलेली अंडी आहेत, तर काहींच्या नळीत बरीच लहान, पण खूप. म्हणजे दोन जाती? तसं म्हणावं तर स्ट्रेब्लोस्पियो बेनेडिक्टाय हा दुसरा समुद्री कृमी आडवा येतो. त्या एकाच जातीत काही माद्यांच्या अळ्या पाण्यात तरंगत, प्लवक खात वाढतात; काहींच्या बलकावरच भागवून लवकर तळाशी बसतात. (या प्राण्यांना नियम म्हणून नाहीच!)

सध्या शेपटीकडचे थोडे खंड डीएनएसाठी कापते, पुढचा भाग ओळखीसाठी ठेवते, कारण नराचे काटे आठव्या-नवव्या खंडावर असतात. फॉर्मलिन टाळून थेट इथेनॉल वापरते. तरी फोल्मर प्रायमरने (डीएनएचा हवा तो तुकडा पकडणाऱ्या नेहमीच्या जोडीने) सीओआय, म्हणजे जाती ओळखायला वापरतात तो मायटोकॉन्ड्रियातला जीन, कधी मिळतो, कधी अजिबात नाही. अंगावरच्या चिकट स्रावामुळे पीसीआर (डीएनएच्या प्रती वाढवण्याची प्रक्रिया) अडतोय का? तो काढायला काय करता? आणि सीओआय पुरेल, की सोबत एखादा न्यूक्लिअर (पेशीकेंद्रातला) जीन घ्यावाच?

शिवाय शेपूट कापलेली मादी अळ्या बाहेर पडेपर्यंत नळीत टिकते का? कुणी करून पाहिलं असेल तर जरूर सांगा.