चर्चा: आपल्या भागातले जुने भूविज्ञान अहवाल एआयकडून वाचून घ्यावेत का?

खानापूरचे मास्तर
रॉबर्ट ब्रूस फूट हा भूवैज्ञानिक ब्रिटिश काळात आपल्या बेळगाव भागात हिंडला. गोकाकजवळ त्याला गेंड्याचे जीवाश्म सापडले. दक्षिण मराठा मुलखाच्या भूरचनेवरचा त्याचा ग्रंथ भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने १८७६ साली छापला. काळा पत्थर, म्हणजे बेसाल्ट, कुठे संपतो, कलादगीचे जुने गाळाचे खडक कुठे सुरू होतात, हे त्यात आहे. पण सगळं जुन्या इंग्रजीत. गोकाकच्या पोराला आपल्या गावाखालचा खडक मराठीत नाहीतर कन्नडमध्ये विचारता आला पाहिजे. एआयला हे वाचायला लावावं आणि सरकारने त्यावर पैसा घालावा, असं माझं ठाम मत आहे.

निपाणीचा रिगवाला
मास्तर, गेंड्याचं ठीक आहे. पण लोक गेंड्याचं विचारणार नाहीत, पाणी किती फुटावर हाय ते विचारणार. बेसाल्टात पाणी एकसारखं नसतंय. लाव्हाच्या दोन थरांमध्ये जो झिजलेला, भेगाळलेला पट्टा असतोय, त्यात ते मुरतंय. शेजारच्या बांधाला लागलं म्हणून आपल्याला लागत नाही. जुन्या अहवालात एका विहिरीची नोंद असली तर ती त्या विहिरीपुरती. मशीन ती गावभर पसरून सांगणार, आणि बोअर कोरडी गेली की कर्ज शेतकऱ्याच्या डोक्यावर. पाणाड्या चुकला तर निदान त्याला गावात तोंड दाखवावं लागतंय. फोनला कोण विचारणार? माझा विरोध आहे.

भूविज्ञानाची विद्यार्थिनी, बेळगाव
काका, तुमची भीती खरी आहे. जुन्या छपाईतला तीनचा आकडा मशीन आठ वाचतं, तक्त्यातली ओळ सरकते, फुटांचे मीटर होतात. म्हणून तर मला असा एआय हवा जो उत्तरासोबत मूळ पानाचं चित्र समोर ठेवेल. पान नसेल तर उत्तरही नको.

नकाशांचं काम मात्र मशीनकडे द्यायलाच हवं. जुन्या नकाशावरचे नदीसंगम, देवळं, टेकड्या आजच्या उपग्रहचित्राशी जुळवायला माणसाला फार वेळ लागतो. तरी तपासायला इथलीच माणसं लागतील. हिडकल धरणाच्या जलाशयाखाली गेलेल्या जागा उपग्रहाला दिसत नाहीत, तिथल्या म्हाताऱ्यांना आठवतात. शिवाय १९५६ साली आपला जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला, त्यामुळे जुने कागद शोधायचे तर मुंबई आणि नवे शोधायचे तर बेंगळुरू. दोन्हीकडच्या सूच्या एकत्र शोधता आल्या, तरी माझ्यासारख्यांचे कष्ट निम्मे होतील.

निवृत्त ग्रंथपाल, चिकोडी
मला वेगळीच काळजी आहे. जे स्कॅनच झालं नाही ते मशीन कुठून वाचणार? घडीवर फाटलेले नकाशे, शाई उडालेल्या क्षेत्रवह्या मी हाताळल्या आहेत. एआयला सापडलं नाही म्हणजे तशी नोंदच नाही, असं लोक धरून चालतील, आणि मग त्या वह्या रद्दीत जायला वेळ लागणार नाही. हा तोटा भरून निघणारा नाही. पैसा आधी कागद वाचवायला द्या, एआय नंतर.

खानापूरचे मास्तर
सर, 'आधी सगळं स्कॅन' म्हणत बसलो तर आणखी एक पिढी जाईल. फूटचा ग्रंथ स्कॅन झालेला आहे. सर्वेक्षणाच्या भूकोश पोर्टलवर भूशास्त्रीय नकाशे आहेत, पण आमच्या तालुक्यातल्या शेतकऱ्याला त्यांचा उपयोग होत नाही. एवढ्यापासून सुरुवात करूया. काय-काय स्कॅन व्हायचं राहिलंय त्याची यादीही तिथेच लावा, म्हणजे सापडलं नाही आणि नोंदच नाही यातला फरक लोकांना दिसेल. पान दाखवण्याची ताईंची अट मला मान्य.

निपाणीचा रिगवाला
पान दाखवणार असाल तर विरोध थोडा कमी करतो. पण 'किती फुटावर' याला मशीननं आकडा सांगायचा नाही. एवढं ठरलं तर माझ्या वह्या देतो. कुठं मुरूम किती, काळा पत्थर कुठनं लागला, कोरडी गेली ती कुठली, बोअरगणिक लिहून ठेवलंय.

भूविज्ञानाची विद्यार्थिनी, बेळगाव
वह्या द्याच काका, कोरड्या बोअरची नोंद दुसरीकडे मिळत नाही. पण आकडा लपवायचा, हे मला पटत नाही. तुमच्याच वहीतला आकडा शेतकऱ्याला दिसू नये का? मोजणी कुठल्या विहिरीत, कुठल्या वर्षी, पावसाळ्याआधी की नंतर, हे आकड्याला चिकटलेलं असावं. आणि ज्या गटात नोंद नाही तिथला आकडा शेजारच्या गटावरून काढून द्यायला मशीनला बंदी.